सिंह कुणापुढे वाकतो

हिनोसावा गावच्या वरच्या आळीचा, जत्रेत नाचणारा सिंह म्हणजे एक लाकडी मुंडकं आणि त्यामागे लांब हिरवं कापड. आत दोन माणसं. उभी हयात गेन्झोनं ते मुंडकं नाचवलं. आता खांदा साथ देईना आणि आळीत तरणं माणूस औषधालाही उरलं नव्हतं. म्हणून मुंडकं सुनेकडे, मित्सुहोकडे दिलं, आणि तो स्वतः शेपटीत गेला.

शरदाची जत्रा तोंडावर आली होती. तालमीत वळणावरच्या भिंतीपाशी तो म्हणाला, "इथं वाकायचं."

"कुणापुढे?"

"भिंतीपुढे."

"भिंतीपलीकडे काय आहे?"

"मोरिवाकीची जुनी मोटार."

"म्हणजे मोटारीला नमस्कार करू?" मित्सुहोनं मुंडकं खाली ठेवलं. "बाबा, देवापुढे वाकेन, तुमच्यापुढे वाकेन. पण कुणापुढे ते कळल्याशिवाय नाही वाकायची. नाहीतर दुसरं कुणी बघा."

दुसरं कुणी नव्हतंच. म्हणजे यंदा सिंह पेटीतच राहणार. गेन्झो तणतणत निघाला, पण चार पावलांवर त्यालाच प्रश्न पडला. खरंच, कुणापुढे?

न्हावी म्हणाला, तिथं नागीण पुरलीय. पुजारी म्हणाला, "वाकतात, म्हणजे काहीतरी असणारच की." शेवटी तो म्हाताऱ्या इशिनोच्या टोफूच्या दुकानात गेला. ती थंड पाण्यातून वड्या काढत होती. त्याचं ऐकून ती बोळक्या तोंडानं खदखदा हसली.

"वाकतो कसला, मेल्या! डोकं वाचवतो. तिथं आमचं अमरफळाचं झाड होतं. जत्रेच्या दिवसांत फळांनी फांदी पार छातीपर्यंत लोंबायची. एका वर्षी सिंहाचा कान मोडला. तेव्हापासून तुझा आजा तिथं वाकायला लागला. पुढं झाड गेलं, वाकणं राहिलं."

गेन्झो मटकन बसला. "म्हणजे मी जन्मभर फांदीला नमस्कार घातला?"

"तुझ्या वेळी फांदी तरी कुठं होती?"

सुनेला नागीण सांगावी, असं वाटेत दहादा त्याच्या मनात आलं. नागिणीपुढे वाकायला कोण नाही म्हणेल? पण तिनं विचारलं होतं मनापासून, आणि उत्तरही खरं द्यायला हवं होतं. त्यानं सगळं सांगितलं आणि ती हसण्याची वाट बघत राहिला.

ती हसली नाही. "फांदी केवढी खाली होती?"

त्यानं छातीशी हात धरून दाखवलं.

"मग तुम्ही शिकवलंत तेच चूक. तो नमस्कार झाला. फांदी चुकवायची तर मान तिरकी हवी, नजर वर हवी, कान सांभाळायला हवा. चला बरं."

भिंतीपाशी दोघं कापडात शिरली. मित्सुहोनं मुंडकं हळूच कलतं केलं. सिंह वर बघत, दबकत, एक कान पाडून पुढं सरकला. मध्येच त्यानं जबडा उघडला आणि काहीतरी तोडून घेतल्यासारखा खटकन मिटला. पलीकडे गेल्यावर ती ताठ उभी राहू लागली, तसा शेपटीतून गेन्झो ओरडला,

"अगं थांब! मी अजून फांदीखालीच आहे!"