काचेमागच्या चपला

पोलंडहून परतल्यापासून मला एका जागी बसवत नाही. तिथल्या छळछावणीत काढलेले फोटो मी आईला टीव्हीवर दाखवत होते. तिला मी फक्त 'स्मारक' एवढंच सांगितलं होतं. विक्रोळीच्या उकाड्यात तिला कौतुक बर्फाचं.

"स्वेटर घातलेलास ना? आणि एकाही फोटोत तू कशी नाहीस गं?"

वैतागून मी फोटो भराभर पुढे सरकवत होते.

"थांब. मागचा दाखव."

मारलेल्या माणसांच्या चपलाबुटांचा काचेमागचा ढीग. आई टीव्हीजवळ सरकली. बुद्धपौर्णिमेला विहाराबाहेरच्या चपला बघूनच ती गर्दीचा अंदाज बांधते.

"केवढी माणसं गं आत," ती म्हणाली. "मग बाहेर कधी आली सगळी?"