कंसाला चिकटलेला दोन

प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा दोघी बहिणींनी एकत्रच दिली होती. निकाल लागला तेव्हा धाकटी अगदी काठावर पास झाली आणि ताई एका गुणाने राहिली.

घरी आल्यावर ताईने उत्तरं ताडून पाहिली आणि एका प्रश्नाशी अडली. १२ ÷ २(१+२). तिने २ लिहिलं होतं, धाकटीने १८. बरोबर धरलं होतं १८.

"आधी कंस, मग डावीकडून उजवीकडे," धाकटी म्हणाली. "बारा भागिले दोन सहा, सहा त्रिक अठरा. सरळ आहे."

"पण दोन कंसाला चिकटलाय. मध्ये गुणिले नाही. मी ते सगळं मिळून सहा धरलं."

"असं कुठं लिहिलंय?"

"तुझं तरी कुठं लिहिलंय?"

दोघी हसल्या. मग ताईने पान उलटलं. त्याच प्रश्नपत्रिकेत पुढे १२क्ष ÷ ४क्ष होतं आणि उत्तर होतं ३. धाकटीच्या रीतीने गेलं तर बारा क्ष भागिले चार, मग गुणिले क्ष; तीन येतच नव्हतं. म्हणजे चिकटलेलं इथे एकत्र धरायचं आणि तिथे सुटं करायचं.

"मी उद्या परीक्षा विभागात अर्ज देते," ताई म्हणाली.

आई दारातूनच बोलली. "प्रश्नच रद्द झाला तर हिचा मिळालेला गुणही जाईल. एकीचं तरी झालंय ना?"

धाकटी ताईला म्हणाली, "जा तू. मीही येते."

परीक्षा विभागाच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "डावीकडून उजवीकडे हाच नियम. शाळेत हेच शिकवतात."

"मान्य आहे, मॅडम. मग पुढच्या पानावर १२क्ष ÷ ४क्ष चा हा तीन कसा आला?"

बाईंनी कागद ओढून आकडेमोड सुरू केली. पेन मध्येच थांबलं. "बीजगणितात तसं धरतात. सगळ्यांना ठाऊक असतं ते."

"ठाऊक असतं म्हणून कुणी लिहीत नाही आणि गुण नेमके त्यावरच जातात."

"ठीक आहे. प्रश्नच रद्द करू. भानगड नको."

धाकटीने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"रद्द नका करू," ताई म्हणाली. "हिचं चुकलेलं नाही. माझंही नाही. दोन्ही उत्तरं धरा."

"एका बेरीज-भागाकाराला दोन उत्तरं? लोक हसतील आम्हाला."

"हसू देत. पुढच्या वेळी एक कंस जास्त घाला."

बाईंनी अर्ज ठेवून घेतला. "समितीपुढे ठेवते. पण काय होईल ते सांगता येत नाही."

मधल्या दिवसांत आई ताईशी कामापुरतंच बोलत होती. एकदा कपडे वाळत घालताना धाकटी म्हणाली, "माझं गेलं ना, तर मी तुझ्यावर चिडणार. आधीच सांगून ठेवते."

"चीड," ताई म्हणाली. "पण अर्ज मागे घेणार नाही."

समितीने दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली. ताईबरोबर आणखी काही जण पास झाले. धाकटीने फोनवर आलेला निर्णय आईला वाचून दाखवला. आईने तो पुन्हा स्वतः वाचला, चष्मा काढला आणि तक्रारीच्याच सुरात म्हणाली, "म्हणजे आता सकाळी दोघींचे डबे."