सैल भोक

मी पट्टा बोलतोय, सोपानरावांच्या कमरेचा. ते देहूरोडच्या लष्करी डेपोत दरवान होते. जन्माने मी म्हशीचं कातडं. पण पितळी बक्कल लागलं, सरकारी गणवेशावर चढलो आणि मला शिंगंच फुटली.

सोपानराव जुने तालीमबाज. पोट सुटलं तरी ऐट सुटेना. ठेचा-भाकरी दाबून खायची, श्वास रोखायचा आणि मला कसंबसं टोकाकडच्या शेवटच्या भोकापर्यंत ओढायचं. मी करकरायचो. ऐकतंय कोण!

बूट बांधायला वाकले की आंबट पाणी घशाशी यायचं. मग छाती चोळायची, सोडा प्यायचा. पुढे सकाळी उठल्यापासून खाकरणं सुरू झालं. "ठेचा बाधला," म्हणायचे आणि दुपारी पुन्हा ठेचाच.

एके दिवशी आवाजच बसला. गाव आमचं चाकणच्या वाटेवर. तिथल्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीचा पुकारा सोपानरावच करायचे. गाडा सुटला की त्यांची हाळी शर्यतीच्या घाटभर, साऱ्या माळावर घुमायची. आता यात्रा महिन्यावर आली आणि गळ्यातून नुसती घरघर. माणूस कोपऱ्यात बसून राहिला. मला फार वाईट वाटलं. कुणी म्हणालं, नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, आवाज काही आला नाही.

शेवटी त्यांच्या बायकोने, शालनबाईंनी, त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

"काय बी झालं न्हाई मला," सोपानराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कसं न्हाई? जेवून आडवं झालं की छाती जळतीया. सोड्याची पुडी पुरंना झालीया. अन् म्हनं काय न्हाई!"

डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट दाबलं आणि बोट दाखवलं ते माझ्याकडे! मी चपापलो.

"पोटातलं आंबट वर चढतंय, तेच घसा जाळतंय. जळजळ रोजची झाली म्हणून ती साधी होत नाही. वेळेत आलात, सुधारेल. हा पट्टा सैल करा. तिखट, चहा कमी. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा."

चांभाराने माझ्या टोकाला आणखी एक, सैल भोक पाडलं. दुखलं खरं, पण सोपानरावांनी मोकळा श्वास घेतला आणि माझीही करकर थांबली.

महिनाभर ठेचा बंद राहिला, खाटेखाली विटा आल्या. यात्रेला ते धोतर नेसून गेले. मी घरी खुंटीवर. शालनबाई उंबऱ्यात कान देऊन उभ्या. आणि माळावरून आलं, "झाली... झाली... भिर्रर्र!" थोडं घोगरं, पण त्यांचंच.

"पोचला गं बया आवाज," म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

आता मी जुना झालोय. एकच विनवणी आहे. छाती वरचेवर जळत असेल, सारखं खाकरावं लागत असेल, तर अंगावर काढू नका, दाखवून घ्या. आणि जेवायला बसताना आपला पट्टा खुंटीला टांगा. तिथूनही आम्हाला माणसाचा आवाज छान ऐकू येतो.