डेडहॅमचा किल्ला

दिवाळीचा किल्ला म्हटला की तो महाराजांचा. रायगड, राजगड, गेला बाजार एखादा जलदुर्ग. आमच्या नातीने, ऋताने, यंदा सिंगापुरात, हौगांगच्या आमच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये, किल्ल्याच्या जागी एक घर बांधायला घेतलं आणि तेही अमेरिकेतलं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

एक तर अमेरिका हा शब्दच त्या दिवसांत मला नकोसा झाला होता. माझा मुलगा परेश इथेच वन-नॉर्थ भागात एका औषध कंपनीत आहे. त्याची बॉस्टनला बदली झाली होती. जानेवारीत तो, सूनबाई चैताली आणि ऋता जाणार होते. माझं काय, ते माझ्यावर सोडलेलं. "बाबा, तुम्हाला जसं बरं वाटेल तसं," असं परेश एकदा मोबाइलमध्ये बघत म्हणाला. मीही ताडकन सांगितलं, "मला इथेच बरं वाटतं." झालं, विषय मिटला. चला म्हणून कोणी म्हटलं नाही आणि येतो म्हणून आपण होऊन सांगायला मी काही लोचट नाही. पण मनाला फार लागलं होतं. बायको प्रेमा गेल्यापासून हीच तीन माणसं माझी, आणि ती गेल्यावर या फ्लॅटमध्ये मी एकटा काय करणार होतो, ते माझं मलाच कळत नव्हतं.

तर ते घर. नर्सरीतून आणलेली माती, त्यावर पेरलेले हळीव, इथवर सगळं रीतसर. पुण्याहून आणलेले मावळे मात्र खोक्यातच पडून होते. मधोमध पुठ्ठा आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं लांबट घर, मध्ये विटांची म्हणून रंगवलेली चिमणी. छपराचा कणा मध्येच खचलेला, भिंती कललेल्या, आणि एका बाजूला शेंबडासारखी चिकटवलेली एक तिरपी खोली. मी सगळा जन्म जहाजांच्या इंजिनांवर काढला. शाफ्ट केसभर जरी रेषेबाहेर गेला तरी बेअरिंग जळतं. वाकडं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, त्याला माझा इलाज नाही.

दुपारी ऋता शाळेत होती, चैताली आत मीटिंगमध्ये. मी लेव्हलची नळी काढली. भिंती ओळंब्यात घेतल्या, छपराखाली काड्यांचं पॅकिंग मारून कणा सरळ केला. ती बाजूची खोली काही केल्या रेषेत येईना, म्हणून ती उपटली आणि कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या चूटमध्ये टाकली. मग लांब उभा राहून बघितलं. अगदी नवं कोरं दिसत होतं. मी माझ्यावरच खूश झालो.

ऋता आली. पाठीवरची बॅगही न काढता नुसती बघत राहिली.

"आजोबा, व्हाय यू मेक इट स्ट्रेट?"

"वाकडं होतं म्हणून."

"ते वाकडंच असतं, लाह," ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली आणि खाली बसली. रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं.

आवाज ऐकून चैताली बाहेर आली. तिने घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप आणून माझ्या मांडीवर ठेवला. "बाबा, हे बघा. मॅसॅच्युसेट्समधली सगळ्यात जुनी घरं शोधत होती ती. हे त्यातलं पहिलं, बॉस्टनजवळ डेडहॅमला."

फोटोत तेच घर होतं. काळपट लाकडाचं. छपराचा कणा तसाच मध्ये खचलेला, दमलेल्या बैलाच्या पाठीसारखा.

"किती जुनं?" मी विचारलं. माझा अंदाज होता शंभर, फार तर दीडशे.

"सोळाशे सदतीस ते एकेचाळीसच्या मधलं."

"कशावरून? हे लोक काय वाट्टेल ते सांगतात."

"वाशांना बारीक भोक पाडून आतलं लाकूड काढलं आणि झाडाची वर्षाची वलयं मोजली. झाड कधी तोडलं ते त्यातून कळतं."

सोळाशे सदतीस. म्हणजे शिवाजीराजे तेव्हा सात-आठ वर्षांचे, या पोरीपेक्षाही लहान. तोरणा घ्यायचा होता अजून. त्या सुमाराला कोणीतरी जंगलात ओक तोडला, तासला, उभा केला, आणि तो अजून उभा आहे. दगड नव्हे, लाकूड. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मी ज्या ज्या जहाजांवर नोकरी केली त्यातलं एकही आज पाण्यावर नाही. सगळी लोखंडाची, आणि पंचविशी गाठायच्या आत कापायला गेली. इथे सिंगापुरात परेशची पहिली शाळा पाडली, आम्ही आलो तेव्हाचा ब्लॉक पाडला. पाडतात, नवं बांधतात, आपणही त्याला सरावतो. आणि हे घर जवळजवळ चारशे हिवाळ्यांचं बर्फ डोक्यावर घेऊन बसलंय. मी फोटो मोठा केला. एकूण एक वासा आपल्या जागेवरून थोडा सरकलेला, पण कुठल्याच वाशाने दुसऱ्याला सोडलेलं नव्हतं. ज्याला मी बिघाड म्हणत होतो त्यामुळेच ते टिकलं असावं. इतकी वर्षं वाकत वाकत आलं म्हणून मोडलं नाही. मला त्या सुतारांना हात जोडावेसे वाटले, आणि मी खरंच जोडले. चैतालीला हसू आलं असेल तर येवो.

"राहायचं कोण त्यात?" मी हळूच विचारलं.

"फेअरबँक्स नावाचं एकच कुटुंब," चैताली म्हणाली. "आठ पिढ्या. आता म्युझियम आहे."

"आठ," मी म्हटलं.

मी किल्ल्यापाशी जाऊन बसलो. "ऋता, चुकलं माझं. चल, परत खचवू." पॅकिंगच्या काड्या एकेक करून काढल्या, पुठ्ठ्यावर पाणी शिंपडलं, आणि आम्ही दोघं ते छप्पर खाली यायची वाट बघत बसलो. ते हळूहळू आलं. जाणकाराच्या नजरेने सांगतो, फोटोसारखंच आलं.

तेवढ्यात ऋताने इकडे तिकडे बघितलं. "आजोबा, बाजूची खोली?"

"ती फारच तिरकी होती गं. चूटमध्ये टाकली."

चैताली आत निघाली होती, ती दारातच थांबली.

"ती त्या फोटोत कुठे आहे?" मी विचारलं.

"एक्झॅक्टली तशी नाहीये," ऋता म्हणाली. "पण त्यांच्याकडे माणसं वाढली की ते बाजूला खोली जोडायचे. मी पण जोडली. ती तुमची होती. चिमणीच्या जवळ, तुम्हाला थंडी वाजते म्हणून."

मी तिच्याकडे बघूच शकलो नाही. इतके दिवस कोणी विचारत नाही म्हणून फुगून बसलो होतो, आणि माझ्यासाठी बांधलेली खोली मीच माझ्या हाताने उपटून कचऱ्यात टाकली होती.

मी उठलो आणि परेशला ऑफिसात फोन लावला. तो घाबरलाच. "बाबा? बरं आहे ना सगळं?"

"तिकडे घर बघताना एक खोली जास्तीची बघ," मी म्हटलं. आवाज मला हवा तसा करडा निघाला नाही.

"पहिल्यापासून तीन बेडरूमचंच बघतोय, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणाल म्हणून विचारायची हिंमत होत नव्हती."