हाल्डेनरोडचा निकाल

गुरुदत्तला किडनी कोण देणार हे सप्टेंबरात ठरलं आणि नोव्हेंबरात जर्मनीतलं सरकार पडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

गुरुदत्त मगदूम मूळचा इचलकरंजीचा. शिकागोतल्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. किडन्या निकामी झाल्यापासून त्याची रोजची ट्रेन सुटली. आता तो घरूनच काम करायचा, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसच्या खुर्चीत बसायचा. बायको प्रीता त्याला सोडायला आणि आणायला यायची. प्रीताचा रक्तगट जुळला नाही. वेटिंग लिस्ट तर वर्षानुवर्षांची होती. जुळली ती धाकटी बहीण, उल्का.

उल्का टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीत गेली ती तिथलीच झाली. हाल्डेनरोड नावाच्या एका जुन्या गिरणगावात तिनं घर घेतलं, नागरिकत्व घेतलं. गिरण्या कधीच बंद पडल्या होत्या, पण म्हाताऱ्या विणकरांना माग कळणारी ही बाई आवडली. आधी नगरपालिका, मग पक्षाचं काम, आणि आता त्या मतदारसंघातून संसदेची उमेदवारी. निवडणूक पुढच्या सप्टेंबरात होती. त्याआधी जानेवारीत ऑपरेशन, मग विश्रांती, मग प्रचार, असा सगळा हिशोब बसला होता. उल्का येऊन सगळ्या टेस्ट करून गेली. जाताना म्हणाली, "दादा, जानेवारीत तुझी सुटका."

आणि सरकार पडलं. इथे अमेरिकेत स्वतःच्याच निवडणुकीचा धुरळा अजून बसला नव्हता, बर्लिनकडे कोण बघतंय! गुरुदत्तला कळलं ते उल्काच्या फोनवरून.

"दादा, इलेक्शन अलीकडे आलंय. फेब्रुवारीत."

गुरुदत्तनं समोरचा लॅपटॉप मिटला.

"ऑपरेशननंतर सहा आठवडे मला बाहेर पडता येणार नाही. थंडीत दारोदार फिरायचंय. मी जानेवारीत ॲडमिट झाले तर संपलंच सगळं."

"दुसरं कुणी नाही का उभं राहायला?"

"आहेत ना. टपूनच बसलेत." मग तिचा आवाज खाली आला. "दादा, माझ्यासारखं कुणी इथून आजवर उभं राहिलेलं नाही. हे परत नाही मिळणार. फक्त दोन महिने. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे असेन. शब्द देते."

"चालेल," गुरुदत्त म्हणाला.

प्रीता स्वयंपाकघरातून ऐकत होती. फोन ठेवल्याबरोबर ती समोर येऊन उभी राहिली. "चालेल? तू चालेल कसं म्हणालास?"

"तिची किडनी आहे, प्रीता. मी काय ऑर्डर देऊ?"

"रिक्वेस्ट तर करशील! पाया पड म्हणते मी. तुला लाज वाटत असेल तर मी करते फोन."

"नको."

"तुझं हे नको एक दिवस..." ती दार आपटून गॅरेजमध्ये गेली आणि गाडीत बसून रडली. ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण परत आली तेव्हा तिच्या चष्म्यावर डाग होते.

त्या हिवाळ्यात गुरुदत्तनं हाल्डेनरोडचा इतिहास वाचायला घेतला. डावा हात सुयांना जखडलेला, उजव्या हातात फोन. जर्मन पानांचं इंग्रजी भाषांतर ब्राउझर करून द्यायचा. त्या मतदारसंघाचा एकोणीसशे एकोणपन्नासपासूनचा प्रत्येक निकाल तिथे होता. पहिली निवडणूक एका विणकर मुकादमानं जिंकली आणि मग तो मरेपर्यंत जिंकतच राहिला. मध्ये एकदाच, सत्तावन्न साली, उल्काच्या पक्षाचा एक डॉक्टर निवडून आला होता. पुढच्या वेळी गिरणी कामगारांनी त्याला घरी बसवलं. मग गिरण्या बंद पडल्या, माणसं गाव सोडून गेली, मतदार कमी पडले म्हणून दोनदा हद्दी बदलल्या. डोंगरावरची चर्चला जाणारी गावं खालच्या गिरणीवस्तीला जोडली गेली. अलीकडे एका रागीट नव्या पक्षानं दोन्हीकडची मतं खाल्ली होती. इचलकरंजीत कुठली गल्ली कुणाची हे जसं बाबांना तोंडपाठ असायचं, तसं आता हाल्डेनरोडचं गुरुदत्तला झालं.

प्रीताला वाटलं, बहिणीच्या कौतुकानं वाचतोय. तसं नव्हतं. तो एकच गोष्ट शोधत होता, ती म्हणजे उल्का पडेल याची खात्री. जिंकली तर शपथविधी, पहिलं अधिवेशन, कमिट्या, बर्लिनमध्ये घर. मग मार्चचा एप्रिल होणार, एप्रिलचा उन्हाळा. पडली तर ती पहिल्या विमानानं येईल. आणि इतिहास त्याच्या बाजूनं होता. मागच्या खेपेला तिचा पक्ष तिसरा होता, तोही बराच मागे. सत्तावन्नचा डॉक्टर सोडला तर पंच्याहत्तर वर्षांत एकदाही नाही. हे आकडे वाचले की त्याला बरं वाटायचं. बरं वाटलं की स्वतःची किळस यायची. आणि बुधवारी तो पुन्हा तेच पान उघडायचा.

जानेवारीच्या शेवटी उल्कानं व्हिडिओ पाठवला. लोकरीची टोपी घालून बर्फात उभी, एका म्हातारीचा हात हातात धरून जर्मनमध्ये काहीतरी सांगतेय, आणि ती म्हातारी हसतेय. खाली लिहिलं होतं, "तिन्ही उमेदवार एकदम बरोबरीत! विश्वास बसत नाही." गुरुदत्तनं व्हिडिओ तीनदा पाहिला. उत्तर पाठवलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर डायलिसिस चालू असतानाच त्याला थंडी वाजून आली. दात एकमेकांवर आपटायला लागले. नर्सनं मशीन थांबवून ॲम्ब्युलन्स बोलावली. रक्तात इन्फेक्शन निघालं आणि ते हृदयाच्या झडपेपर्यंत पोचलं होतं.

प्रीतानं हॉस्पिटलच्या पार्किंगमधून उल्काला फोन लावला. बर्फाचे चिखलट ढीग दिव्याच्या खांबांपाशी लोटून ठेवले होते आणि वारा असा होता की बोललेलं तोंडातच गोठावं.

"वहिनी, मी येऊ का? आज निघू?"

"आता येऊन काय करणारेस तू? हे इन्फेक्शन असेपर्यंत ते ट्रान्सप्लांटला हातसुद्धा लावणार नाहीत."

"तो कसा आहे?"

"जानेवारीत झालं असतं तर त्या खुर्चीत नसता तो, एवढंच मला माहितीये."

 मतदानाला सहा दिवस उरले होते. "मी येते," उल्का म्हणाली. आणि आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, "इथे माझ्यासाठी दोनशे माणसं रस्त्यावर आहेत. मी त्यांना काय सांगू ते कळत नाहीये. रविवार होऊ दे." प्रीतानं तो मेसेज गुरुदत्तला दाखवला नाही. त्यानं तिचा फोन मागून घेऊन वाचला.

रविवारी जर्मनीत संध्याकाळी मतदान संपलं तेव्हा नेपरव्हिलमध्ये सकाळचे अकरा वाजले होते. अँटिबायोटिक थेंबथेंब हातात जात होतं. गुरुदत्तनं उशी उंच करून घेतली आणि एकेका गावाचा आकडा वाचू लागला. खालच्या गिरणीवस्तीत उल्का पुढे. डोंगरात मागे. मग डोंगरातलं एक गाव फिरलं, मग दुसरं.

"प्रीता, ती गावं फिरली! ती कधीच फिरत नाहीत."

तो अर्धवट उठून बसला होता. प्रीता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत तो असा बोललाच नव्हता. दुपार कलली तेव्हा शेवटचा आकडा आला. उल्काला सव्वीस टक्के, दुसऱ्याला त्याहून किंचित कमी, तिसरा त्याच्या पाठोपाठ. हाल्डेनरोड उल्का मगदूमनं जिंकलं होतं. फोनवर ती ओरडतच होती, मागे माणसं गात होती. "दादा! सत्तावन्ननंतर पहिल्यांदा!"

"माहितीये. तो डॉक्टर."

"तुला कसं माहीत?"

"अभिनंदन, उल्के," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आनंद खरा होता. आता ती येणार नाही, हेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला, "जिंकले, पण जागा नाही." गुरुदत्तला वाटलं, तापात आपण चुकीचं वाचतोय. त्यानं फोन केला. उल्काचा आवाज पार बसलेला होता.

"नवा कायदा आहे. इथे मतदार दोन मतं देतो, एक उमेदवाराला, एक पक्षाला. आमच्या राज्यात पक्षाला मतं कमी पडली आणि मतदारसंघ जास्त जिंकले. मग जेवढ्या जागा पक्षाच्या वाट्याला येतात तेवढ्याच जणांनी आत जायचं. सगळ्यात कमी टक्क्यांनी जिंकलेले बाहेर."

"आणि तू?"

"सगळ्यात कमी टक्के माझेच."

"म्हणजे दुसऱ्या नंबरवाल्याला मिळणार?"

"त्यालाही नाही. कुणालाच नाही." ती हसली की रडली ते कळलं नाही. "दादा, नियम मला माहीत होता रे. पण मी पडायच्याच भीतीत होते. जिंकून असं होईल, हे मनातच आलं नाही."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात उल्का आली. शब्द दिला होता तसा. ओहेअर विमानतळावर प्रीता तिला घ्यायला गेली, आणि तासभराच्या ड्राइव्हमध्ये दोघी हवेबद्दलसुद्धा बोलल्या नाहीत. गुरुदत्त घरी आला होता, दहा किलो कमी होऊन. उल्कानं त्याला पाहिलं आणि कोट न काढताच डायनिंग टेबलाशी बसली.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली. "शिव्या दे."

"कशाबद्दल? मीच चालेल म्हणालो होतो."

"ते चालेल नव्हतं. मला कळत होतं ते."

"कळत होतं?" गुरुदत्तचा आवाज चढला. "मग ऐक. मी तिथे सुया टोचून घेऊन बसायचो आणि तू पडावीस म्हणून तुझ्या गावाचे निकाल वाचायचो. एकोणपन्नासपासूनचे. दर खेपेला. सख्खी बहीण पडावी म्हणून."

उल्का त्याच्याकडे बघत राहिली. "एकदासुद्धा गुड लक म्हणाला नाहीस," ती हळूच म्हणाली. "तेव्हाच समजलं होतं. मला राग नाही आला. मी रोज ठरवायची, उद्या सगळं सोडून निघायचं. आणि सकाळी कुणीतरी दारात गाडी घेऊन उभं असायचं."

प्रीतानं तिच्यापुढे चहा ठेवला. "कोट काढ," ती म्हणाली. त्या घरात तेवढीच माफी मिळाली.

उल्का व्हिसाशिवाय राहता येतं तेवढं राहिली. गुरुदत्तला डायलिसिसला तीच न्यायची. खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलेली असताना हाल्डेनरोडहून फोन यायचे, कुणाचं पेन्शन अडकलेलं, कुठे बसच बंद झालेली. ती दरवेळी सांगायची की मी खासदार नाही. पलीकडचा माणूस म्हणायचा, पण आम्ही तर तुम्हालाच निवडलंय. आणि ती लिहून घ्यायची.

मेच्या शेवटी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं. इन्फेक्शन गेलं होतं, पण झडप खराब करून गेलं होतं. आधी हृदयाचं ऑपरेशन. ते पेललं तर वर्षभरानं पुन्हा विचार. पेलेल की नाही हे आज सांगता येत नव्हतं.

गाडीत बसल्यावर प्रीतानं किल्ली फिरवली नाही. मागून उल्का म्हणाली, "माझी किडनी कुठे जात नाहीये. वर्षभरानं येईन. हवं तेव्हा येईन."

"तेव्हा पुन्हा सरकार पडेल," गुरुदत्त म्हणाला.

कुणी हसलं नाही.

"मी पुन्हा उभी राहणार नाही, दादा. कधीच नाही."

तो सीटवर वळला. वळताना धाप लागली, तरी वळला. "असं म्हणू नकोस. मला जे व्हायचं ते झालंय. तू घरी बसलीस म्हणून ते परत येणार आहे का? तू उभी राहिली नाहीस तर मी हे सगळं कशापायी सोसलं, सांग मला. कशापायी?"

 उल्कानं पुढच्या सीटच्या पाठीवरून हात घालून त्याचा डावा खांदा धरला आणि धरून ठेवला. थोड्या वेळानं प्रीतानं गाडी सुरू केली. त्या रविवारी उल्का परत गेली, आणि सोमवारी गुरुदत्तला डायलिसिसला सोडायला पुन्हा प्रीता आली.