पोटाचं खरं माप

करमंडळाच्या नव्या अध्यक्षांनी स्वतःच्या बंगल्याचा कर कित्येक वर्षं भरलेला नाही, ही बातमी ज्या सकाळी आली, त्या सकाळी टेलर मास्तरांनी रागाच्या भरात एका गिऱ्हाइकाची पँट गुडघ्याच्या वर कापली. गिऱ्हाईकही तितकंच संतापलेलं असल्यामुळे त्याच्या ते दुपारपर्यंत लक्षात आलं नाही.

राग साहजिक होता. या पदावर सरकारने नेमलेला हा तिसरा माणूस. पहिल्याने गाडीचा कर चुकवला होता, दुसऱ्याने घरभाड्याचा. तिसरा निवडताना आपण अतिशय काळजी घेतली असं सरकारने सांगितलं होतं, आणि ते खरंच असावं, कारण आधीच्या दोघांची मिळून नव्हती एवढी थकबाकी या एकट्याची निघाली. बंगल्याचा वरचा मजला कागदावर नव्हताच. लोक रोज तो मजला रस्त्यावरून बघत होते, गच्चीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा बघत होते. पण सरकारदरबारी ते कपडे हवेत लटकत होते. पत्रकारांनी गाठलं तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, “मी खोटं काही सांगितलेलं नाही. फक्त कमी सांगितलं.”

हे वाक्य मास्तरांच्या दुकानात आठवडाभर पुरलं. शेजारचा औषधवाला एखादी गोळी कमी द्यायचा आणि म्हणायचा, खोटं नाही, कमी दिली. रोज पेपर वाचायला येणारे निवृत्त पोस्टमनकाका म्हणायचे की आपण आयुष्यभर उगाच सगळी पत्रं वाटली. आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून जाहीर करायचे की तो माणूस माझ्या दुकानाची पायरी चढला, तर ही टेप त्याच्या गळ्याभोवती आवळीन.

आता या दुकानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे माप घेण्याची एक जुनी रीत होती. गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून मास्तर आकडा मोठ्याने ओरडायचे आणि आतल्या टेबलावर त्यांची थोरली बहीण तो लिहून घ्यायची. सगळे तिला ताईच म्हणत. कापायचं काम तिचं. भर दुकानात ‘पोट बेचाळीस’ असं ओरडलं तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, हे मास्तरांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. म्हणून छाती, खांदा, बाही खरी सांगायची. पोट तेवढं कमी करून ओरडायचं. ताईला सूर कळायचा. नुसतं ‘छत्तीस’ म्हणजे अडतीस. ‘छत्तीऽऽस’ असं लांबवलं की चाळीस. आणि आकड्यानंतर मास्तर खोकले, तर ताई आधी कापड पुरेल का ते बघायची. त्यामुळे त्या गल्लीत अडतीसच्या वर पोट असलेला माणूस नव्हता. निदान ऐकीव माहितीनुसार.

दुसरी रीत वर्षातून एकदाच पाळली जायची. नगरपालिकेत दुकानाची नोंद होती एक मशीन, एक माणूस. प्रत्यक्षात मशीनं तीन. करनिरीक्षक येणार अशी कुणकुण लागली की एका मशीनवर चादर पडायची आणि ते इस्त्रीचं टेबल व्हायचं. दुसऱ्यावर कुंडी ठेवली जायची आणि ते काहीच व्हायचं नाही. ताई कात्री खाली ठेवून, पर्स मांडीवर घेऊन, खुर्चीत बसायची. निरीक्षक विचारायचे, “पाहुण्या वाटतं?” मास्तर म्हणायचे, “हो, कालच आल्यात.” ताई दरवर्षी कालच यायची.

अडचण अशी झाली होती की पाहुणीचे डोळे गेले होते. म्हणजे पूर्ण गेले नव्हते, पण डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता आणि उजव्या डोळ्यासाठी आणखी थांबलात तर नंतर ऑपरेशन करूनही उपयोग होईल याची खात्री नाही, असंही सांगितलं होतं. कामगारांच्या आरोग्य योजनेत ते ऑपरेशन फुकट व्हायचं. त्यासाठी मालकाचं एकच पत्र हवं होतं, की ही बाई माझ्याकडे काम करते.

ताईने ते पत्र भावाकडे मागितलं होतं. मास्तरांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, बघू. पत्र दिलं की नगरपालिका विचारणार, आजवर का नाही सांगितलं? मग मागचा कर निघणार, मग दंड, मग चादरीखालचं टेबलसुद्धा मशीन ठरणार. सीझन संपू दे, मग बघू. ताईने पुन्हा विषय काढला नाही. ती कापड डोळ्यांच्या आणखी जवळ धरू लागली. मास्तरांनी तिच्या मदतीला आपल्या जावयाला बोलावून घेतलं आणि आपण बहिणीची केवढी काळजी घेतो, याचं त्यांचं त्यांनाच भरून आलं.

जावईबापू आधी पाण्याची मीटरं वाचायला घरोघरी जायचे. दिसेल तो आकडा लिहायचा, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हे त्यांच्या नोकरीचं ब्रीद होतं आणि नोकरी सुटली तरी ब्रीद सुटलं नव्हतं. ताईकडून ते कापायला छान शिकत होते. फक्त पोटाच्या सुराबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती सांगायची गोष्टच नव्हती. ती ज्याची त्याने ओळखायची होती.

आणि एक दिवस दुकानासमोर मोठी गाडी थांबली. शपथविधीसाठी नवा कोट शिवायला साक्षात अध्यक्षसाहेब उतरले. मोठ्या दुकानांत पत्रकार उभे असतात, म्हणून गल्लीतलं शोधलं होतं.

औषधवाला उठून उभा राहिला. पोस्टमनकाकांनी पेपर खाली घेतला. सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांनी टेप खरोखरच साहेबांच्या गळ्याभोवती घातली. पण कॉलरचं माप घेतलं आणि काढली. नंतर त्यांनी स्पष्टीकरण दिलं की दारात आलेल्या माणसाचं माप घेणं हा धर्म आहे, राग आपल्या जागी.

ताई त्या दिवशी दवाखान्यात होती. पत्राशिवाय काही जमतं का ते बघायला तिची दवाखाना आणि योजनेचं ऑफिस अशी खेप चालली होती, आणि त्यात आठवडा जाणार होता. आतल्या टेबलावर जावईबापू पेन्सिल घेऊन बसले होते. मास्तरांनी टेप पोटाभोवती फिरवली. ती बराच वेळ फिरत राहिली. खरा आकडा होता चव्वेचाळीस. मास्तर ओरडले, “अडतीऽऽऽस!” आणि आकड्यानंतर लागोपाठ तीनदा खोकले.

“बाबा, पाणी आणू का?” जावईबापूंनी आतून काळजीने विचारलं, आणि अडतीस लिहिलं.

कोट घालून बघायला साहेब आलेच नाहीत. ड्रायव्हर येऊन घेऊन गेला.

शपथविधी सगळ्यांनी दुकानातल्या टीव्हीवर बघितला. कोटाची बटणं कशी लागली हे एक कोडंच होतं. त्यामागे बहुधा दोन माणसं आणि एक रोखून धरलेला श्वास होता. शपथ मात्र श्वास रोखून घेता येत नाही. ‘मी प्रामाणिकपणे’ म्हणण्यासाठी साहेबांनी छाती भरून हवा घेतली आणि मधलं बटण सुटलं. ते माइकवर जाऊन आपटलं. ‘टक्’ असा आवाज देशभर ऐकू गेला. ते उचलायला साहेब वाकले, तेव्हा खालचंही गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर बटणाचा फोटो होता. मास्तर पेपरची घडी उलटी घालून बसले होते. साहेब कोट पिशवीत घालून स्वतःच आले. दुकान भरलेलं होतं. त्यांनी कोट काउंटरवर ठेवला आणि एवढंच विचारलं की माझ्याशी तुमचं काही वैर आहे का.

मास्तर जावयाकडे वळले. जावई म्हणाले, “बाबा, तुम्ही अडतीस ओरडलात. मी अडतीस कापलं.”

साहेबांनी मास्तरांना विचारलं, “म्हणजे तुम्ही खोटं माप सांगितलंत?”

“खोटं नाही, साहेब,” मास्तर घाईघाईने म्हणाले. “फक्त कमी सांगितलं.”

औषधवाल्याने चपलेकडे बघितलं. साहेबांनी भिंतीकडे बघितलं. मास्तरांचे कान लाल झाले. हेच वाक्य ते आठवडाभर टाचण्यांतून थुंकत होते, आणि आता ते त्यांच्याच तोंडातून, त्याच चालीत, अगदी गुळगुळीत बाहेर पडलं होतं!

ताई दारात उभी होती. ती कधी आली ते कुणी बघितलं नव्हतं. ती चाचपत आत आली, कोट हाताने तपासला आणि हसली.

“शिवण छान आहे हो, जावईबापू,” ती म्हणाली. “तुमचं काही चुकलं नाही. इतकी वर्षं मी सूर ऐकून मनातल्या मनात आकडा वाढवत आले, म्हणून सगळ्यांचे कपडे अंगाला बसले. पण सरकारला कुठे सूर कळतो? तेही तुमच्यासारखंच. साहेबांनी वरचा मजला नाही म्हटलं, सरकारने नाही लिहिलं. आम्ही एक मशीन म्हटलं, त्याने एक लिहिलं. मग त्याच मापाने त्याने दवाखाना कापला, शाळा कापली, रस्ता कापला. आता ते कुणालाच बसत नाही, आणि आपण सगळे मिळून ओरडतो की शिंपी नालायक.”

औषधवाल्याला हे पटलं नाही. त्याने विचारलं की यांचा बंगला आणि आपलं मशीन एकाच तागडीत कसं घालायचं?

“नाहीच घालायचं,” ताई म्हणाली. “त्यांचं कितीतरी मोठं, आणि वर तेच दुसऱ्याकडून वसूल करायला बसणार. म्हणून पहिला जाब त्यांनाच. ओरडा, चांगलं ओरडा. फक्त मशीनवरची चादर काढून ओरडा, म्हणजे आवाज दबणार नाही.”

मग ती भावाकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. “आज योजनेच्या खिडकीवर त्या मुलीने विचारलं, तुम्ही दुकानात कोण? सवयीने तोंडातून गेलं, पाहुणी. तिने तेच लिहिलं. अरे, कापून कापून डोळे गेले माझे, आणि कागदावर मी अजून कालच आलेय.”

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांनी मागच्या फळीवरून ती जुनी चादर काढली, टेबलावर पसरली आणि कात्रीने उभी फाडून पुसायची फडकी केली. मग टेप ताईच्या हातात दिली.

ताईने साहेबांच्या पोटाभोवती टेप लावली. आकडा तिला दिसेना, तो जावईबापूंनी वाचला आणि ती मोठ्याने म्हणाली, “चव्वेचाळीस.” कुणी हसलं नाही. साहेबांनी खूप वर्षांनी स्वतःचा खरा आकडा चारचौघांत ऐकला होता, आणि त्यांनी रोखलेला श्वास सोडून दिला. कोट दुरुस्त होईल का, त्यांनी हळूच विचारलं.

“दोन्ही बाजूंना पट्टी घालावी लागेल,” ताई म्हणाली. “जोड दिसेल. पण निदान श्वास घेता येईल.”

त्या दुपारी मास्तर नगरपालिकेत गेले. आपण मशीनं कमी सांगितली होती, ती आता पूर्ण सांगायची आहेत, असं म्हटल्यावर मोठा गोंधळ उडाला. न बोलावता असं सांगायला आजवर कुणी आलंच नव्हतं, त्यामुळे त्यासाठी खिडकी नव्हती. त्यांना जन्म-मृत्यूकडे पाठवलं, तिथून बागांकडे, आणि शेवटी तक्रार विभागात. तिथल्या कारकुनाने विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? मास्तर म्हणाले, माझ्याविरुद्ध. पुरावा आहे? मास्तर म्हणाले, मी स्वतः आलोय. कारकुनाने आधी त्यांना बसायला खुर्ची दिली, मग पाणी दिलं, आणि दंडाचे हप्ते बांधून देताना त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आजारी माणसाकडे बघतात. पण सोबत नेलेल्या ताईच्या पत्रावर शिक्का मिळाला. त्यावर लिहिलं होतं की ही बाई या दुकानात कटिंग मास्तर म्हणून काम करते.

अध्यक्षसाहेबांनी थकबाकी भरली आणि पद सोडलं. सरकार म्हणतं, प्रकृतीच्या कारणाने. लोक म्हणतात, बटणाच्या. खरं म्हणजे लोक ओरडायचे थांबले नाहीत, म्हणून. चौथ्या अध्यक्षाने नेमणुकीआधी स्वतःच्या कराच्या पावत्या पेपरात छापून आणल्या. पोस्टमनकाकांनी त्या भिंग लावून वाचल्या आणि थोडे निराश झाले, कारण काहीच सापडलं नाही. पट्टी घातलेला कोट पद सोडलेल्या साहेबांनी नंतर स्वतः येऊन नेला. रांगेत उभे राहून नेला.

दुकानात आता पोट खरं ओरडलं जातं. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. पँट न बसल्यामुळे परत आली. औषधवालाही आता पक्कं बिल देतो. उत्साहाने नाही, पण देतो.

यंदा निरीक्षक आले तेव्हा तिन्ही मशीनं उघडी होती. त्यांनी कुंडी बघितली, ती खिडकीत गेली होती. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यांनी विचारलं, “दरवर्षीच्या पाहुण्या दिसत नाहीत त्या?”

आतल्या टेबलावरून, नव्या चष्म्यातून, ताईने वर बघितलं. तिला त्यांच्या शर्टाची उसवलेली कॉलरसुद्धा स्पष्ट दिसली.

“त्या गेल्या,” ती म्हणाली. “आता मीच असते इथे.”

तर मंडळी, आपल्या पैशांवर बसलेल्यांना जाब विचारायचा आपला हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही, आणि आपणही तो सोडू नये. पण देश आपण सांगू त्याच मापाने कापला जातो. म्हणून दुसऱ्याचं पोट मोजायला निघण्याआधी आपलं खरं माप मोठ्याने सांगावं. थोडी लाज वाटते. पण बटणं टिकतात.