केसांची पिशवी

आमच्या डोंगरात जुलै म्हणजे ऐन हिवाळा; त्या थंडीत आई माझ्या वेण्यांना आमच्या कळपातल्या लामाची चरबी चोळायची.

"पुरे गं! वर्गात सगळ्या नाक दाबतात," मी करवादायचे.

"दाबू देत. केस तुटले की त्यांची नाकं चिकटवणार आहेस का, बासिलिया?"

एकदा मी हट्टाने चरबी साबणाने धुवून काढली आणि ओल्या वेण्यांनीच लामांना चरायला सोडायला गेले. परत येईपर्यंत वेण्या गोठून काठ्या झाल्या होत्या. अंगणात एक झटकली, तर टोकाकडून मोडलीच. आई रागावली नाही. वाकून तिने केस वेचले आणि कापडी पिशवीत टाकले.

"मेल्यावर माणसाला आपले गळालेले केस शोधत फिरावं लागतं. सोबत पिशवी असली की पायपीट वाचते."

काल आई गेली. तिच्या डोक्याखाली ठेवण्याआधी मी ती पिशवी उघडली. आत काळ्या केसांच्या जुड्याच जुड्या होत्या, प्रत्येक जुडी माझ्या वेणीतल्या लाल लोकरीने बांधलेली. आईचा पांढरा केस एकही नव्हता.

सकाळपासून मी ओणवी होऊन अंगण धुंडाळतेय.